खचलेल्या मनाचे पालकपण

दरेकसा (जि. गोंदिया) : मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदिया सोडले की आमगाव, सालेकसा आणि त्यानंतर दरेकसा लागते. महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरचे हे गाव. पुढचे बोरतलाव आले की छत्तीसगड सुरू होते. शहरी पर्यटकांना हे ठिकाण माहीत असते ते पावसाळ्यातल्या हाजरा धबधब्यामुळे. आणि देशभरातील गोंड समाजाला ते माहीत असते ते जवळच्या कचारगडामुळे. माघ पौर्णिमेला येथील विशाल गुहेच्या दर्शनासाठी अनेक राज्यांतून भाविक येतात.

या गुहेची कथा एका आईची आहे. गोंडी परंपरा सांगते, की काली कंकालीची ३३ मुले या गुहेत कोंडली गेली आणि त्यांच्या विरहाने ती माता व्याकूळ झाली. तिचे दुःख पाहून जंगो रायताड पुढे आली, पहांदी पारी कुपार लिंगो धावले आणि हिरासुका या वादकाने आपल्या संगीताने आतील मुलांच्या अंगात बळ भरले. दारावरची शिळा हलली, मुले सुटली. हिरासुकाचा मात्र त्या शिळेखाली अंत झाला. कथेतील श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट ध्यानात येते. आई दुःखाने खचली तेव्हा 'धीर धर' एवढे सांगून कोणी थांबले नाही. मुलांची जबाबदारी इतरांनी वाटून घेतली.

आज नैराश्याने ग्रासलेल्या आई किंवा बापाच्या वाट्याला असे किती जण येतात? आजारी पालकाच्या घरातील मुलांचे काय होते? पालकाने काय करावे आणि भोवतालच्यांनी काय करावे? दरेकसासारख्या गावात हे प्रश्न जितके खरे आहेत, तितकेच ते नागपूर, पुणे, मुंबईतील सदनिकांतही आहेत. फरक आहे तो मदतीच्या अंतराचा. या विषयाची ही साद्यंत माहिती.

उदासी आणि आजार

मन उदास होणे हा आजार नव्हे. पीक बुडाले, नोकरी गेली, जवळचे माणूस दगावले, तर दुःख होणारच. ते ओसरते; मधूनमधून हसूही येते. नैराश्य, म्हणजे ज्याला आपण सर्रास 'डिप्रेशन' म्हणतो, त्याची ओळख वेगळी आहे. दिवसाचा बहुतेक काळ मन खिन्न राहणे किंवा कशातच गोडी न वाटणे, ही त्याची दोन मुख्य लक्षणे. त्यांच्या जोडीला झोप उडणे किंवा अतिझोप, भूक मंदावणे, सतत थकवा, एकाग्रता न होणे, निर्णय न घेता येणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, अपराधी भाव आणि मरणाचे विचार. ही स्थिती सलग दोन आठवडे टिकली आणि रोजच्या कामात अडथळा येऊ लागला, तर डॉक्टर तिला आजार मानतात.

रुग्ण मात्र डॉक्टरांपुढे 'मी खिन्न आहे' असे क्वचितच म्हणतो. डोके जड आहे, अंग दुखते, छातीत धडधडते, अवसान नाही, झोप नाही, अशा तक्रारी तो करतो. शक्तिवर्धक गोळ्या किंवा सलाइन घेऊन घरी परततो. काही कुटुंबे 'बाहेरचे काही लागले' असे समजून मांत्रिकाकडे जातात. त्यात त्यांचा अडाणीपणा कमी आणि जवळ दुसरा आधार नसणे अधिक असते.

बंगळूरुच्या 'निम्हान्स' या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मानसिक आरोग्याचे सर्वेक्षण केले. त्यात महाराष्ट्राचा समावेश नव्हता. दरेकसाच्या शेजारच्या छत्तीसगड आणि मध्य प्रदेशाचा होता. या सर्वेक्षणानुसार देशातील दर २० प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार झालेला होता आणि सर्वेक्षणाच्या वेळी २.७ टक्के प्रौढ त्याने ग्रस्त होते. त्याहून बोलका आकडा उपचारांचा आहे. नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के व्यक्तींना उपचार मिळत नव्हते. या व्यक्तींपैकी कित्येक जण कुणाचे तरी आई-वडील असणार, हे सांगावयास नको.

घरात काय घडते?

मूल वाढवणे म्हणजे केवळ खाऊ-पिऊ घालणे नव्हे. मूल हसले की हसणे, बोबडे बोलले की उत्तर देणे, पडले की उचलणे, अशी शेकडो छोटी देवघेव दिवसभर चालते. नैराश्य नेमके याच देवघेवीवर घाला घालते. आई जेवण करते, पण मुलाच्या बोलण्याला तिचे उत्तर येत नाही. वडील घरी असतात, पण नजर भिंतीवर असते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. आईने तान्ह्या बाळाशी काही वेळ खेळावे आणि नंतर दोन-तीन मिनिटे चेहरा निर्विकार ठेवावा, एवढाच तो प्रयोग. बाळ आधी हसून, हात पसरून आईला परत आणू पाहते; जमले नाही की अस्वस्थ होते आणि शेवटी तोंड फिरवते. प्रयोगातील आई काही मिनिटांनी पुन्हा हसते. नैराश्यग्रस्त आईच्या बाबतीत ही अवस्था आठवडे, महिने टिकू शकते. तिला बाळाबद्दल प्रेम नसते असे नाही. ते चेहऱ्यावर आणण्याचे बळ आजाराने हिरावून घेतलेले असते.

काही पालकांमध्ये आजार चिडचिडीच्या रूपाने दिसतो. सांडलेल्या पाण्यावरून आरडाओरडा होतो, हात उगारला जातो आणि रात्री पश्चात्तापाने झोप लागत नाही. 'मी वाईट आई आहे', 'माझ्यामुळे घराचे वाटोळे झाले' हे विचार पुन्हा आजाराला खतपाणी घालतात. हे दुष्टचक्र आहे, हे पालकाला कळणे उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

बाळंतपणानंतरचा काळ

प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत रडू येणे, हळवे होणे हे अनेक स्त्रियांना होते आणि ते साधारण दोन आठवड्यांत निवळते. त्यापुढे टिकणारी खिन्नता मात्र प्रसूतिपश्चात नैराश्य असू शकते. या विषयावरचा भारतातील एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या शेजारच्या गोव्यात झाला. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या मातांपैकी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी, नवऱ्याकडून होणारी मारहाण आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे, या बाबींशी त्याचा संबंध दिसून आला. म्हणजे, ज्याला 'बाईचा स्वभाव' म्हणून सोडून दिले जाते, त्याची मुळे पुष्कळदा घराच्या वागण्यात असतात.

याच मातांच्या बाळांची पुढे पाहणी झाली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सहा महिन्यांच्या वयात वजन फार कमी असण्याचे प्रमाण नैराश्यग्रस्त मातांच्या बाळांत ३० टक्के, तर इतर मातांच्या बाळांत १२ टक्के होते. कुपोषणाची चर्चा आपल्याकडे आहार आणि रोजगाराभोवती फिरते. ते योग्यच आहे. परंतु अंगणवाडीच्या वजनकाट्यावर बाळ हलके भरले, तर त्याच्या आईला झोप लागते का, हेही विचारले पाहिजे, असे हे आकडे सांगतात.

बाळंतीण रात्ररात्र जागी राहते, असंबद्ध बोलते, कानात आवाज येतात म्हणते किंवा बाळाविषयी विचित्र संशय घेते, तर तो साधा थकवा नव्हे. ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. अशा मातेला आणि बाळाला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

बापाचे नैराश्य

नैराश्यात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक असले, तरी बाप त्यातून सुटलेला नाही. ब्रिटनमधील हजारो कुटुंबांच्या पाहणीवर आधारलेला आणि २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास सांगतो, की बाळाच्या जन्मानंतर वडिलांना नैराश्य आले असेल, तर साडेतीन वर्षांच्या वयात मुलांमध्ये वर्तनाच्या तक्रारी अधिक आढळतात. आईच्या प्रकृतीचा परिणाम वजा करूनही हा संबंध टिकला.

पुरुषाने रडू नये, अशी आपली शिकवण. त्यामुळे बापाचे दुःख राग, अबोला किंवा दारूच्या वाटेने बाहेर पडते. धानाचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोंदियात कुटुंबाचे गणित पावसावर, आणि कोरडवाहू टापूत तेंदूपाने, मोहफुले व मजुरीवरही चालते. कामासाठी बाप परगावी गेला, तर त्याची बिघडलेली झोप कुणाच्या नजरेस पडत नाही. दारू सोडवण्याचे प्रयत्न घरोघरी होतात. त्या दारूमागे आजारी मन आहे का, याची चौकशी क्वचित होते.

मुलाला काय वाटते?

मूल पाहते सर्व. अर्थ मात्र आपल्या वयाप्रमाणे लावते. तान्हे बाळ चेहरा आणि स्पर्श वाचते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला जगातील प्रत्येक गोष्ट आपल्यामुळे घडते असे वाटते. म्हणून आई रडते ती आपण दूध सांडले म्हणून, असा निष्कर्ष ते काढते. शाळकरी मूल घरातील गुपित सांभाळू लागते; मित्रांना घरी बोलावत नाही. किशोरवयीन मुलगी धाकट्या भावंडांचे पालकत्व आपल्या शिरावर घेते, स्वयंपाक करते, बापाच्या मनःस्थितीचा अंदाज घेत वावरते. आजूबाजूचे तिला 'किती समजूतदार' म्हणून शाबासकी देतात. तिच्या वाट्याचे बालपण हरवते आहे, हे त्या शाबासकीत झाकले जाते.

नैराश्यग्रस्त पालकांच्या मुलांना पुढे नैराश्य, चिंता आणि अभ्यासातील अडचणींचा धोका इतर मुलांपेक्षा अधिक असतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्यात आनुवंशिकतेचा वाटा आहे आणि घरातील ताणाचाही. तथापि, धोका म्हणजे विधिलिखित नव्हे. अशा घरांतील अनेक मुले उत्तम वाढतात. त्यांना घरात किंवा घराबाहेर एक तरी भरवशाचे मोठे माणूस लाभलेले असते, दिनक्रमात काही ठाम असते आणि घरात जे चालले आहे त्याचा खरा अर्थ त्यांना कुणीतरी सांगितलेला असतो.

पालक बरा, तर मूल बरे

या विषयातील सर्वांत दिलासा देणारे संशोधन अमेरिकेतील डॉ. मिर्ना वाइसमन यांच्या गटाचे आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नैराश्यावर औषधोपचार घेणाऱ्या माता आणि त्यांची मुले यांची पाहणी झाली. तीन महिन्यांत ज्या माता पूर्ण बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांमधील मानसिक तक्रारींचे प्रमाण ११ टक्क्यांनी घटले. ज्या माता आजारीच राहिल्या, त्यांच्या मुलांमध्ये ते ८ टक्क्यांनी वाढले. मुलांवर वेगळे उपचार हा या पाहणीचा भागच नव्हता.

'आधी मुलांचे पाहू, मग माझे' असे म्हणणाऱ्या प्रत्येक पालकासाठी हा निष्कर्ष आहे. स्वतःचा उपचार हा स्वार्थ नसून मुलासाठी करण्याच्या कामांतील पहिले काम आहे.

उपचार दोन प्रकारचे असतात. सौम्य आजारात समुपदेशन वा मानसोपचार पुरेसे ठरतात. मध्यम व तीव्र आजारात औषधे लागतात आणि अनेकदा दोन्ही. औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून आठवडाभरात 'फरक नाही' म्हणून ती सोडू नयेत. बरे वाटू लागल्यावरही सहसा किमान सहा महिने ती चालू ठेवावी लागतात आणि थांबवायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. नैराश्यावरील नेहमीच्या औषधांचे व्यसन लागते, हा गैरसमज आहे. अंगावर पाजणाऱ्या मातेने डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. दुधात अत्यल्प प्रमाणात उतरणारी औषधे उपलब्ध असून, उपचारांसाठी स्तनपान तोडावेच लागते असे नाही.

मानसोपचारतज्ज्ञ नसताना

तज्ज्ञ शहरात आणि रुग्ण गावात, हे दुखणे जुने आहे. त्यावरचा एक मार्ग विदर्भातच दिसला. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम राबवण्यात आला. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत नैराश्याची ओळख, प्राथमिक आधार आणि गरजूंना डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे, असे त्याचे स्वरूप होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार, नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गोव्यातील 'संगाथ' या संस्थेनेही वैद्यकीय पदवी नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून सहा ते आठ भेटींत देता येईल, अशी उपचारपद्धती विकसित केली. तिचा गाभा साधा आहे. मन लागण्याची वाट न पाहता, पूर्वी आवडणारी आणि उपयोगाची छोटी कामे ठरवून पुन्हा सुरू करणे. कृती आधी आणि उत्साह मागाहून, असा हा क्रम.

सरकारी यंत्रणेतही एक खिडकी आहे. आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन ३० वर्षांवरील स्त्री-पुरुषांचा जो आरोग्य अर्ज भरते, त्यात मधुमेह, रक्तदाबाबरोबर मनाविषयीचे दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात गोडी वाटली नाही का आणि खिन्न, निराश वाटले का? हे दोन प्रश्न मनापासून विचारले आणि मनापासून ऐकले, तर बरेच साधते. मात्र विशीतली कोवळी आई वयाच्या अटीमुळे या अर्जातून सुटते. प्रसूतीनंतरच्या ४२ दिवसांत आशा ताई बाळाला पाहण्यासाठी अनेकदा घरी येतात. त्या भेटींत आईलाही हेच दोन प्रश्न विचारले जावेत आणि तसे न झाल्यास घरच्यांनी स्वतःहून विषय काढावा.

मुलाला काय सांगावे?

मुलांपासून आजार लपवण्याकडे पालकांचा कल असतो. हेतू चांगला, पण परिणाम उलटा. न सांगितलेली जागा मूल स्वतःच्या कल्पनेने भरते आणि ती कल्पना बहुधा सत्याहून भयंकर असते. अमेरिकेतील डॉ. विल्यम बिअर्डस्ली यांनी अशा कुटुंबांसाठी एकत्र बसून बोलण्याची पद्धत घालून दिली. फिनलंडमध्ये तितती सोलांताउस यांनी तिच्या धर्तीवर आरोग्यसेवेत पालक-रुग्णांशी मुलांबद्दल बोलण्याचा प्रघात रुजवला. या अनुभवांचा सारांश चार वाक्यांत मांडता येतो.

पहिले, आजाराला नाव द्यावे : "मला एक आजार झाला आहे. त्यात मन थकते, म्हणून मी गप्प असते."

दुसरे, दोष काढून घ्यावा : "हे तुझ्यामुळे झालेले नाही आणि मला बरे करणे हे तुझे काम नाही."

तिसरे, उपचार सांगावा : "मी डॉक्टरांकडे जाते, गोळ्या घेते. बरे व्हायला वेळ लागेल."

चौथे, आधाराचे माणूस दाखवावे : "मी झोपलेली असले आणि तुला भीती वाटली, तर मावशीकडे जा. तिला मी सांगून ठेवले आहे."

लहान मुलाला एवढे पुरे. शाळकरी मुलाच्या प्रश्नांना खरी, थोडक्यात उत्तरे द्यावीत. मोठ्या मुलांना 'मलाही हा आजार होईल का' ही भीती असते. धोका थोडा अधिक असतो, पण तो ओळखता येतो आणि त्यावर उपचार आहेत, असे त्यांना स्पष्ट सांगावे. मुलाला आपला सल्लागार मात्र करू नये. कर्ज, नवरा-बायकोचे भांडण, मरणाचे विचार हे ओझे त्याच्या खांद्यावर टाकण्याचे नव्हे. ते मोठ्यांपुढे आणि डॉक्टरांपुढे उतरवावे.

वाईट दिवसांतले पालकपण

आजाराच्या ऐन भरात आदर्श पालक होण्याचा हट्ट सोडावा. थोडेच करावे, पण ते रोज करावे.

• दिवसातील दोन वेळा पक्क्या ठेवाव्यात : उदाहरणार्थ, सकाळी शाळेत निघतानाची आणि रात्री झोपण्यापूर्वीची. बाकीचा दिवस कोसळला, तरी या दोन टोकांना मुलाला आपण सापडलो पाहिजे.

• रोज दहा मिनिटे मुलाजवळ बसावे. बोलता आले नाही, तरी चालेल. त्याचे चित्र पाहावे, केस विंचरावेत, अंगणात सोबत बसावे.

• चिडून बोललो तर नंतर सांगावे : "मघाशी मी ओरडले, ते चुकले. तुझी चूक तेवढी मोठी नव्हती." पालक माफी मागू शकतो, हे मुलासाठी मोठे शिक्षण आहे.

• हात उगारला जाईल असे वाटले, तर बाळाला सुरक्षित जागी ठेवून पाच मिनिटे दुसरीकडे जावे आणि कुणाला तरी हाक मारावी.

• झोप, जेवण आणि थोडे चालणे यांना औषधाइतकेच महत्त्व द्यावे. दारू टाळावी, ती नैराश्य वाढवते.

• कीटकनाशके, धान्यात ठेवायच्या गोळ्या आणि जास्तीची औषधे घरात हाताशी ठेवू नयेत. ती दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात असावीत.

घर आणि शेजार

आजारी पालकाला उपदेशाची नव्हे, वाटून घेतलेल्या कामाची गरज असते. 'मन खंबीर कर', 'तुला काय कमी आहे', 'आमच्या वेळी नव्हती असली थेरं' या वाक्यांनी माणूस अधिक मिटतो. त्याऐवजी सासूने रात्रीचे एक पाजून झालेले बाळ तासभर आपल्याकडे घ्यावे, नवऱ्याने दवाखान्याच्या दिवशी मजुरी किंवा रजा बुडवून सोबत जावे, शेजारणीने मुलाला आपल्या मुलांबरोबर जेवू घालावे. यातले एकही काम खर्चिक नाही. शहरात आजी-आजोबा गावी असतात आणि शेजारचे दार बंद असते. तेथे ही व्यवस्था ठरवून उभी करावी लागते. दोन विश्वासू मित्रकुटुंबे पुरेशी होतात.

शिक्षकांची भूमिकाही मोठी आहे. गृहपाठ बुडवणारे, वर्गात पेंगणारे किंवा अचानक भांडखोर झालेले मूल घरचा आजार शाळेत आणत असते. 'घरी सर्व ठीक आहे ना?' हा एकांतातला प्रश्न छडीपेक्षा अधिक काम करतो.

मदत कोठे मिळेल?

दरेकसा परिसरातील रुग्णाने प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सालेकसा येथे सरकारी डॉक्टरांना भेटून मनाची तक्रार स्पष्ट शब्दांत सांगावी. पुढील उपचारांसाठी गोंदिया येथे २०१६ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम ही १९९६ पासूनची केंद्र सरकारची योजना आहे. तिच्या सेवा आपल्या भागात कोणत्या वारी मिळतात, याची चौकशी तेथे करावी. दाखल होण्याची गरज पडल्यास नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे.

प्रवास शक्य नसेल, तर दूरध्वनी आहे. केंद्र सरकारची 'टेलिमानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. ती नि:शुल्क असून २४ तास चालते आणि मराठीतही बोलता येते. संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. तो मुलांनाही पाठ असावा.

कायद्याचा आधारही जाणून घ्यावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत होऊन २९ मे २०१८ पासून अमलात आला. परवडणारे मानसिक उपचार सरकारी सेवेत मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरवला. उपचारांसाठी दाखल असलेल्या मातेपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे वेगळे करू नये, असे हा कायदा सांगतो. आजारामुळे मुलाला इजा होण्याचा धोका असेल, तरच तात्पुरते वेगळे ठेवता येते आणि त्या निर्णयाचा दर १५ दिवसांनी फेरविचार करावा लागतो. 'दवाखान्यात गेले तर मूल काढून घेतील' या भीतीने घरी कुढणाऱ्या मातांना हे सांगितले पाहिजे. आई व बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा कक्ष 'निम्हान्स'मध्ये २००९ पासून आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीला तीव्र ताणाखाली असल्याचे मानून शिक्षा न करता तिची काळजी घ्यावी, अशी तरतूदही याच कायद्यात आहे. तेव्हा पोलिसांच्या धास्तीने उपचार लांबवू नयेत.

मरणाची भाषा करणे, वस्तू वाटून टाकणे, 'माझ्यामागे मुलांना सांभाळा' असे सांगणे, किंवा 'मुलांना तरी कशाला मागे ठेवू' असे म्हणणे, हे सर्वांत गंभीर इशारे होत. ते ऐकल्यावर त्या व्यक्तीला आणि मुलांना क्षणभरही एकटे सोडू नये आणि लगेच रुग्णालय गाठावे. 'मरणाचे विचार येतात का?' असे थेट विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट, कुणीतरी विचारले, याचाच रुग्णाला आधार वाटतो.

शिळा हलते

नैराश्य हा बरा होणारा आजार आहे. तो परत येऊ शकतो. पण एकदा ओळख पटली की दुसऱ्या खेपेस तो लवकर हेरता येतो. कोणत्या लक्षणांनी सुरुवात होते, त्या वेळी मुले कोणाकडे राहतील, डॉक्टर कोण, औषध कोणते, हे सर्व बरे असताना एका कागदावर लिहून घरातील दुसऱ्या मोठ्या माणसाकडे द्यावे. आजाराच्या दिवसांत हा कागद घराचा आधार होतो.

कचारगडच्या कथेतली शिळा एकट्या आईने हलवलेली नाही. हाक देणारी एक, वाट दाखवणारा दुसरा, बळ देणारा तिसरा आणि आतून जोर लावणारी मुले, अशा सर्वांनी मिळून ती हलवली. आपल्या ओळखीतली एखादी आई महिनाभर हसलेली नसेल, एखादा बाप बोलेनासा झाला असेल, तर आज त्यांच्या घरी जावे. मुलांना थोडा वेळ आपल्याकडे आणावे आणि त्या पालकाला दवाखान्याची तारीख विचारावी. तारीख नसेल, तर ती घेऊन द्यावी आणि त्या दिवशी सोबत जावे.